राक्षसाच्या ताऱ्याचे कोडे

आकाशात ययाती नावाचा तारकासमूह आहे. त्यातील एका ताऱ्याला अरबांनी 'रास अल्-गूल' म्हणजे राक्षसाचे डोके असे नाव दिले. युरोपात त्याचेच 'अल्गॉल' झाले. हा तारा अधूनमधून फिकट होतो, हे काही जणांनी पाहिले होते. पण तो का फिकट होतो, ते कोणालाच सांगता येत नव्हते. हे कोडे उलगडण्याची वाट दाखवली एका तरुणाने. त्याचे नाव जॉन गुडरिक.

जॉनचा जन्म १७६४ साली हॉलंडमधील ग्रोनिंगन येथे झाला. बालपणीच तो बहिरा झाला. बहिऱ्या मुलांना शिकवता येत नाही, असे तेव्हा पुष्कळ लोकांना वाटे. पण जॉनला एडिंबरो येथे थॉमस ब्रेडवुड यांच्या शाळेत पाठवण्यात आले. ही शाळा बहिऱ्या मुलांसाठीच होती. तेथे जॉन लिहायला-वाचायला शिकला. पुढे वॉरिंग्टनच्या विद्यालयात त्याला गणिताची गोडी लागली.

नंतर तो इंग्लंडमधील यॉर्क शहरात राहू लागला. एडवर्ड पिगॉट हे त्याचे शेजारी खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांच्यामुळे तो तारे पाहू लागला. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री अल्गॉल फिकट झालेला पाहून तो चकित झाला. मग त्याने अनेक रात्री त्या ताऱ्याची शेजारच्या ताऱ्यांशी तुलना केली आणि नोंदी ठेवल्या. दर सुमारे २ दिवस २१ तासांनी अल्गॉल फिकट होतो, असे त्याला आढळले. एखादा मोठा, काळा गोल ताऱ्याभोवती फिरत असेल आणि त्याला झाकत असेल, असा तर्क त्याने मांडला. १७८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. तेव्हा तो केवळ १९ वर्षांचा होता.

१७८४ मध्ये जॉनला स्वरमंडळ समूहातील एका ताऱ्याचे तेजही बदलताना दिसले. तेथे दोन तारे अगदी जवळ आहेत आणि एकातील वायू दुसऱ्याकडे वाहतो, हे आज आपल्याला माहीत आहे.

एप्रिल १७८६ मध्ये रॉयल सोसायटीने जॉनला सदस्य निवडले. पण हा मान कळण्यापूर्वीच, २० एप्रिलला, वयाच्या २१ व्या वर्षी तो मरण पावला. त्याचा तर्क अजून सिद्ध झाला नव्हता.

१८८९ साली जर्मन शास्त्रज्ञ फोगेल यांनी अल्गॉलच्या प्रकाशाचा अभ्यास केला. तो एक तारा नसून तारकांची जोडी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. जॉनचा तर्क खरा ठरला. त्याला ऐकू येत नव्हते, पण पाहण्यात आणि विचार करण्यात तो कोणाच्याही मागे नव्हता.