गानहिरा हिराबाई बडोदेकर



आज कर्जत-खालापूरकडे एखादी मुलगी चार लोकांसमोर उभी राहून गायली, तर आपण कौतुकाने टाळ्या वाजवतो. शंभर वर्षांपूर्वी असे नव्हते. घरंदाज मुलीने लोकांपुढे गाणे कमीपणाचे मानले जाई. ही समजूत पुसण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या गायिका हिराबाई बडोदेकर यांची ओळख आपण करून घेऊ या.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेला झाला. वडील किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. पुढे आईवडील विभक्त झाले आणि मुलांना आईने सांभाळले. थोरले बंधू सुरेशबाबू माने व उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे हिराबाईंनी गाण्याची तालीम घेतली. एकेक स्वर सावकाश फुलवत नेणे ही किराणा घराण्याची रीत. हिराबाईंच्या उंच, गोड आवाजाला ती फार शोभली.

त्या काळी स्त्रियांचे गाणे बहुधा धनिकांच्या दिवाणखान्यात होई. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत हिराबाई होत्या. तिकीट काढणारा कोणीही श्रोता आता ते गाणे ऐकू शकत होता. अंगभर पदर घेऊन, हातवारे न करता त्या शांतपणे गात. ख्याल, नाट्यगीत आणि भजन, सारे सारख्याच तन्मयतेने. त्यामुळे कुटुंबातल्या बायका-मुलीही मैफलीला येऊ लागल्या.

रंगभूमीवर पुरुष नटच स्त्रियांच्या भूमिका करत होते, त्या दिवसांत हिराबाई व त्यांच्या बहिणी भावंडांच्या नाटक कंपनीतून रंगमंचावर उतरल्या. कंपनी फार वर्षे टिकली नाही, पण वाट मोकळी झाली. धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे यांच्यासोबतची त्यांची जुगलबंदीही गाजली. १९५३ साली भारताच्या शिष्टमंडळातून त्या चीनला जाऊन आल्या. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण असे सन्मान त्यांना लाभले.

हिराबाईंनी आपली विद्या स्वतःपाशी ठेवली नाही. सुरेशबाबूंच्या शिष्या प्रभा अत्रे यांना त्यांनीही शिकवले. याच प्रभाताई पुढे मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. ज्या विद्येसाठी एकेकाळी मुलींना नावे ठेवली जात, तिचीच पदवी मुली विद्यापीठातून घेऊ लागल्या. गुरूचे नाव राहावे म्हणून प्रभाताईंनी मुंबईत सुरेशबाबू-हिराबाई यांच्या स्मृतीचे संगीत संमेलनही सुरू केले.

२० नोव्हेंबर १९८९ रोजी हिराबाईंचे निधन झाले. आपल्या घरात एखाद्या मुलीला गोड गळा लाभला असेल, तर तिला नुसती शाबासकी देऊन थांबू नये. चांगला गुरू पाहून द्यावा आणि रोजच्या रियाजाला वेळही द्यावा.