चार पौंडांत सायकलचं दुकान टाकणारा पोरगा, ज्याच्या गॅरेजच्या नावावर आज एमजीच्या गाड्या पळतायत

सिग्नलला थांबलात की हमखास एखादी एमजी हेक्टर शेजारी येऊन उभी राहते. अष्टकोनात एम आणि जी ही दोन अक्षरं. कुणी म्हणतं कंपनी ब्रिटिश, कुणी म्हणतं चायनीज. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे.

कारण एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधल्या एका गॅरेजचं हे नाव. आणि हा मॉरिस म्हणजे तोच, ज्याच्या कंपनीच्या गाडीवरून आपली ॲम्बेसेडर आली.

तर गोष्ट सुरू होते १८७७ सालापासून.

त्या वर्षी १० ऑक्टोबरला इंग्लंडमधल्या वूस्टर गावात विल्यम मॉरिसचा जन्म झाला. पोरगं तीन वर्षांचं असताना कुटुंब ऑक्सफर्डला आलं. ऑक्सफर्ड म्हणजे विद्यापीठाचं गाव, पण विल्यमच्या नशिबात कॉलेज नव्हतं. पंधराव्या वर्षीच शाळा सुटली आणि तो एका सायकलवाल्याकडे काम शिकायला लागला.

नऊ महिन्यांनी पगारवाढ मागितली. मालकानं नकार दिला. गड्यानं काम सोडलं आणि चार पौंडांच्या भांडवलावर आईवडिलांच्या घरीच सायकल दुरुस्ती सुरू केली. वय होतं १६.

सायकली दुरुस्त करता करता तो त्या बनवायला लागला. त्यावर शर्यती जिंकायला लागला. तीच त्याची जाहिरात. पुढं मोटरसायकली आल्या, मग भागीदारीत मोठा धंदा टाकला आणि १९०४ ला तो पार बुडाला. इतका, की स्वतःचीच हत्यारं लिलावात परत विकत घ्यायला त्याला कर्ज काढावं लागलं.

इथून पुढं त्यानं एक खूणगाठ बांधली. धंद्याचा मालक एकच असेल, तो म्हणजे आपण. ही खूणगाठ त्याला वर घेऊन गेली, आणि पुढं तिनंच अडचणी केल्या.

१९१३ ला त्याची पहिली कार रस्त्यावर आली, मॉरिस ऑक्सफर्ड. पुढचा भाग गोलसर, म्हणून लोक तिला बुलनोज म्हणायचे. मॉरिसची आयडिया साधी होती. सगळं स्वतः बनवत बसायचं नाही. इंजिन एकाकडून, ॲक्सल दुसऱ्याकडून, बॉडी तिसऱ्याकडून घ्यायची आणि काउली इथं आणून जोडायची. यामुळं कमी पैशात कारखाना उभा राहिला.

पहिल्या महायुद्धानंतर मंदी आली. गाड्या पडून राहिल्या. अशा वेळी मॉरिस यांनी १९२१ च्या फेब्रुवारीत काही मॉडेल्सची किंमत तब्बल १०० पौंडांपर्यंत कमी केली. लोकांना वाटलं आता हा माणूस बुडणार. झालं उलटंच. गाड्या धडाधड विकल्या गेल्या आणि १९२५ पर्यंत वर्षाला ५० हजारांच्या वर गाड्या बाहेर पडायला लागल्या. सायकलवाला ब्रिटनचा सगळ्यात मोठा कार उत्पादक झाला.

याच काळात त्यांच्या ऑक्सफर्डमधल्या गॅरेजचा मॅनेजर सेसिल किंबर मॉरिसच्या साध्या गाड्यांवर स्पोर्टी बॉडी चढवून विकायला लागला. त्या गाड्यांना गॅरेजचीच आद्याक्षरं मिळाली, एमजी.

१९३४ ला मॉरिस लॉर्ड नफील्ड झाले. पैसा अमाप, पण मूलबाळ नव्हतं. मग त्यांनी पैसा वाटायला सुरुवात केली. ऑक्सफर्डमध्ये नफील्ड कॉलेज काढलं. ॲनेस्थेशिया या विषयासाठी विद्यापीठात प्राध्यापकाचं पद तयार करायला लावलं. पोलिओच्या रुग्णांना श्वास देणारं आयर्न लंग नावाचं मशीन पाहिलं, तर ते थेट काउलीच्या कार कारखान्यात बनवायला घेतलं आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या हॉस्पिटल्सना फुकट दिलं. आयुष्यभरात त्यांनी साधारण ३ कोटी पौंड दान केले.

स्वतः मात्र साधे राहिले. त्यांच्या बेडरूममध्ये एक कपाट होतं, त्यात कपडे नाहीत तर पक्कड, हातोडी, स्क्रू असली हत्यारं असायची.

पण माणूस नुसता देवमाणूस होता असंही नाही. कामगार संघटनांशी त्यांचं कधी जमलं नाही. पुढं ब्रिटनमधला फॅसिस्ट नेता झालेल्या ऑस्वाल्ड मोस्लीच्या न्यू पार्टीला त्यांनी ५० हजार पौंड दिले होते.

आणि हाताखालची हुशार माणसं त्यांना टिकवता आली नाहीत.

लिओनार्ड लॉर्ड या मॅनेजरनं काउलीचा कारखाना आधुनिक केला, तो १९३६ ला भांडून गेला. एमजी घडवणाऱ्या किंबरला १९४१ ला काढलं गेलं. युद्धानंतर ॲलेक इसिगोनिस या इंजिनिअरनं मॉरिस मायनर ही छोटी कार तयार केली, तर नफील्ड यांना तिचा आकार पोच केलेल्या अंड्यासारखा वाटला. त्या गाडीच्या मागं उभा राहिलेला माइल्स थॉमस १९४७ ला बाहेर पडला.

तीच मायनर १९४८ ला आली आणि दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश कार ठरली.

१९५२ ला मॉरिस आणि कट्टर स्पर्धक ऑस्टिन एकत्र आले. नवी कंपनी झाली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन. काही महिन्यांतच नफील्ड पायउतार झाले. त्यांच्या खुर्चीवर कोण बसलं? भांडून गेलेला आणि आता ऑस्टिनचा सर्वेसर्वा असलेला तोच लिओनार्ड लॉर्ड.

२२ ऑगस्ट १९६३ ला नफील्ड वारले. पडझड बघायला ते उरले नाहीत, हे एका अर्थानं बरंच झालं.

कारण कंपन्या कागदावर एक झाल्या तरी मनानं झाल्याच नव्हत्या. एकच गाडी ऑस्टिन, मॉरिस, एमजी, रायली आणि वूल्झली अशा पाच नावांनी विकली जायची. डीलर एकमेकांचेच गिऱ्हाईक पळवायचे. १९६८ ला आणखी कंपन्या जोडून ब्रिटिश लेलँड झाली. संप वाढले, दर्जा घसरला, तिकडून जपानी गाड्या आल्या. १९७१ ला आणलेल्या मॉरिस मरीनामध्ये पुढचं सस्पेन्शन १९४८ च्या मायनरच्याच पद्धतीचं होतं. १९७५ ला सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. १९८० ला ॲबिंग्डनचा एमजी कारखाना बंद झाला आणि १९८४ ला कारवरून मॉरिस हे नाव पुसलं गेलं.

आपल्याकडं मात्र नफील्ड यांच्या कंपनीची गाडी पळतच होती. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या सिरीजवरून हिंदुस्थान मोटर्सनं १९५७ ला ॲम्बेसेडर आणली आणि ती २०१४ पर्यंत बनत राहिली. म्हणजे मॉरिस नाव संपल्यावरही ३० वर्षं.

एमजीचं नाव २००५ ला कंपनी बुडाल्यावर चीनमध्ये गेलं. जग्वार आणि लँड रोव्हर २००८ ला टाटांकडे आल्या. काउलीत आजही मिनी बनते, पण मालक जर्मन बीएमडब्ल्यू.

मग उरलं काय?

उरले ते वेडे लोक. इंग्लंडमध्ये आजही मायनरचे क्लब आहेत. रविवारी गाड्या बाहेर काढायच्या, बॉनेटच्या मधोमध असलेली चार इंची पट्टी नव्या माणसाला दाखवायची आणि सांगायचं की गाडी अरुंद वाटली म्हणून इसिगोनिसनं शेवटच्या क्षणी मधून कापून रुंद केली होती. गाडी बिघडली तर घरच्या पान्यांनी दुरुस्त करायची.

हे प्रेम मायलेज किंवा फीचर्सवर नाही. जी गाडी उघडली की समजते आणि स्वतःच्या हातानं नीट करता येते, तिच्यावर आहे. आपल्याकडं ॲम्बेसेडर जपणाऱ्या माणसाला विचारा, तोही हेच सांगेल.

बेडरूममध्ये हत्यारांचं कपाट ठेवणाऱ्या त्या सायकलवाल्याला हे प्रेम नक्की कळलं असतं.