ऑक्सफर्डचा निर्धन विद्यार्थी : डॉ. सॅम्युएल जॉन्सन

विद्या गरीब-श्रीमंत पाहत नाही असे म्हटले जाते. विद्यापीठे मात्र ते पाहत आली आहेत. इंग्रजी भाषेचे थोर कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचे विद्यार्थिजीवन याची साक्ष देते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून त्यांच्याविषयी विस्ताराने लिहिले, तेव्हापासून हे नाव मराठी वाचकांस परिचित आहे.

जॉन्सन यांचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडमधील लिचफिल्ड येथे झाला. वडील मायकेल जॉन्सन हे पुस्तकविक्रेते होते. गावात त्यांना मान होता. पुत्रजन्माच्या वर्षी ते गावचे शेरीफही होते. परंतु व्यापाराचा मेळ पुढे नीट बसला नाही. लहानपणी गंडमाळेच्या विकाराने सॅम्युएल यांची दृष्टी अधू झाली. तरीही शाळा सुटल्यावर दोन वर्षे वडिलांच्या दुकानात असताना त्यांचे लक्ष गिऱ्हाइकापेक्षा फळीवरील ग्रंथांकडेच अधिक असे. त्या दुकानाने पैसा दिला नाही. पण लॅटिन ग्रंथांचे जे वाचन दिले, ते अनेक धनिकपुत्रांच्याही वाट्यास आले नव्हते.

मातोश्रींना नात्यातून ४० पौंडांचा वारसा लाभला आणि ३१ ऑक्टोबर १७२८ रोजी त्यांचा ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजात प्रवेश झाला. आल्या दिवशीच संभाषणाच्या ओघात त्यांनी मॅक्रोबियस या प्राचीन ग्रंथकाराचा दाखला दिला, तेव्हा अध्यापक थक्क झाले.

त्या काळी ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थ्यांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. सर्वांत वर उमरावपुत्र, त्यांच्या खाली जादा पैसे मोजणारे सधन, मग स्वखर्चाने शिकणारे साधे विद्यार्थी आणि तळाशी फी माफीच्या बदल्यात इतरांची सेवा करणारे सेवक-विद्यार्थी. अंगावरच्या झग्यावरूनच पायरी ओळखू येई. जॉन्सन तिसऱ्या पायरीवर होते. खोल्यांवर थाप मारून हजेरी पाहणाऱ्या सेवक-विद्यार्थ्याला भांडी वाजवीत पिटाळण्यात तेही सामील होत, अशी नोंद आहे. स्वतः तंगीत असलेल्याने हे करावे, हे शोभणारे नव्हते खरे!

समोरच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात त्यांचे बालमित्र टेलर शिकत होते. तेथील व्याख्याने उत्तम असत, म्हणून ती मित्राकडून ऐकण्यासाठी जॉन्सन तेथे जात. एके दिवशी त्यांच्या फाटक्या जोड्यांतून डोकावणारी बोटे तेथील विद्यार्थ्यांच्या नजरेस आली. ते ध्यानात येताच त्यांनी तिकडे जाणेच सोडले. पुढे कोणी सहृदय व्यक्तीने नवे जोडे त्यांच्या दाराशी गुपचूप ठेवले. ते त्यांनी संतापाने फेकून दिले. दिलेले दान चांगलेच होते, पण घेणाऱ्याचा मान दात्याच्या लक्षात आला नसावा.

पैसा संपला. अवघ्या तेरा महिन्यांनी, डिसेंबर १७२९ मध्ये, आपली पुस्तके मागे ठेवून पदवीविना ते घरी परतले. पदवी नसल्याचे मोल त्यांना पुढे वर्षानुवर्षे मोजावे लागले. १७३९ मध्ये ॲपलबी येथील शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी एम. ए. पदवी आवश्यक होती. ती डब्लिनहून मिळवून देण्याचा खटाटोप थोरामोठ्यांनी केला, तोही निष्फळ ठरला. लंडनमध्ये मासिकांसाठी लेखन करून त्यांनी पोट भरले. १७४६ मध्ये ग्रंथविक्रेत्यांशी १,५०० गिनींचा करार करून त्यांनी शब्दकोशाचे काम हाती घेतले व मोजक्या लेखनिकांच्या साह्याने सुमारे ४३ हजार शब्दांचा कोश सिद्ध केला. १५ एप्रिल १७५५ रोजी तो प्रसिद्ध झाला. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी ऑक्सफर्डने त्यांना एम. ए. पदवी दिली आणि ती मुखपृष्ठावर झळकली. पुढे डब्लिन व ऑक्सफर्ड या दोन्ही विद्यापीठांनी त्यांना डॉक्टर केले.

एक शल्य मात्र राहिले. वडील युटॉक्सिटरच्या बाजारात पुस्तकांचे दुकान मांडीत. तरुणपणी एकदा वडिलांनी सोबत येण्यास सांगितले असता जॉन्सन यांनी नकार दिला होता. बाजारात उभे राहणे त्यांना कमीपणाचे वाटले. १७३१ मध्ये वडील निवर्तले. सुमारे पन्नास वर्षांनंतर, कीर्तीच्या शिखरावर असताना, वृद्ध जॉन्सन एकटेच युटॉक्सिटरला गेले आणि वडिलांचे दुकान जेथे लागत असे, त्या जागी भर पावसात उघड्या डोक्याने बराच वेळ उभे राहिले.