मक्याची वंशावळ वाचणारे पांडुरंग खानखोजे

पवार घराण्याची संस्थाने असलेल्या धार आणि देवासच्या मुलखात पावसाळ्यात मका पेरतात. पूर्वी घरच्या कणसांतूनच बियाणे राखले जाई. संकरित वाणाचे बियाणे मात्र दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. याचे कारण आनुवंशिकीत आहे. त्या शास्त्राचे मक्यावरील प्रयोग सातासमुद्रापार करणारे एक मराठी क्रांतिकारक होते: डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्धा येथे त्यांचा जन्म झाला. स्वातंत्र्याच्या ध्यासाने ते देशाबाहेर पडले. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकत असतानाच ते गदर चळवळीत सामील झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी इराणात इंग्रजांविरुद्ध लढा दिला. मायदेशाची दारे बंद झाल्याने १९२४ मध्ये ते मेक्सिकोत गेले. तेथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा चालविल्या.

मेक्सिको ही मक्याची जन्मभूमी. तेथे टिओसिंटे नावाचे त्याचे रानटी भावंड उगवते. खानखोजे यांनी या दोहोंचा संकर केला. दोघांच्याही पेशीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या असल्याने तो साधतो. गुणसूत्र हा पेशीतील धागा. जनुक हा त्याच धाग्यावरील ठरावीक जागेचा अंश. जोडीतील एक धागा मातेकडून, दुसरा पित्याकडून येतो. म्हणून प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. त्या भिन्न असल्या, तर पुष्कळदा एक प्रभावी ठरते आणि दुसरी, अप्रभावी, दडून राहते. डोळ्यांना दिसते ते दृश्यरूप. आत असते ती जनुकरचना. शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी एकसारखी दिसते, पण पुढच्या पिढीत जोड्या फुटून नव्याने जुळतात आणि दडलेले गुण वर येतात. संकरित कणसाचे दाणे पेरल्यास शेत एकसारखे येत नाही, ते यामुळेच.

चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी खानखोजे यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. १९५५ मध्ये ते भारतात परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात निवर्तले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. देशासाठी देश सोडलेल्या या माणसाची ओळख आपल्याकडे आजही बहुधा क्रांतिकारक एवढीच आहे. बियाण्याच्या पिशवीवरील ‘संकरित’ हा शब्द वाचताना त्यांच्यातील शास्त्रज्ञही आठवावा.