कै. आबालाल रहिमान

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग सारा संसार उभा करितो, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. थोड्या रंगांत पुष्कळ सांगण्याची हीच विद्या कोल्हापूरचे चित्रकार कै. आबालाल रहिमान यांनी निसर्गचित्रांत साधली. म्हणून त्यांचे हे अल्पचरित्र आम्ही सादर करीत आहोंत.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकत असता १८८८ साली त्यांनी व्हाइसरॉयचे पदक मिळविले. पुढे ते कोल्हापुरास परतले व राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोटितीर्थ आणि रंकाळा यांचे काठ रंगवीत राहिले. अभ्राच्छादित दिवशी आकाश व पाणी एकाच करड्या छटेत मिसळतात. तेथे रंगांची गर्दी केली की चित्र बिघडते. छटांचे तारतम्यच तेथे कामास येते, आणि ते आबालालांस पूर्ण अवगत होते.

१९२२ साली महाराज निवर्तले व आबालालांचा आधार तुटला. विकतचे रंग परवडेनात तेव्हा ते झाडपाल्यापासून रंग करीत, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांची चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. साधनांच्या अभावाची सबब सांगण्यापूर्वी आमच्या तरुण ज्ञातिबंधूंनी ती एकवार अवश्य पाहावीत.