दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०, मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे मराठी चित्रपट-निर्माते व दिग्दर्शक होते. त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाते.

पूर्वायुष्य

मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. परंतु १९०० सालच्या प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावल्याने तो सोडून ते बडोद्यास परतले. १९०२ साली त्यांचा सरस्वतीबाईंशी विवाह झाला. पुढे त्यांनी मुद्रणव्यवसायात नाव मिळवले.

नेत्रविकार

१९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून फाळके यांनी भारतीय कथांवर चित्रपट काढण्याचे ठरवले. सततचे चित्रपट पाहणे, वाचन व जागरण यांमुळे डोळ्यांवर ताण येऊन त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनंतर ती परत आली. त्यानंतर विमा तारण ठेवून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले व विल्यमसन कॅमेरा खरेदी करून परतले.

अंकुराची वाढ

भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरून त्यांच्या वाढीची छायाचित्रे महिन्याहून अधिक काळ क्रमाने घेतली. त्यांतून मिनिटभराहून थोडा मोठा प्रायोगिक लघुपट तयार झाला. अनेक दिवसांची वाढ त्यात काही क्षणांत दिसे. या लघुपटामुळे कर्ज मिळाले. तरीही सरस्वतीबाईंना आपले दागिने द्यावे लागले. फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरणे आणि साठ-सत्तर जणांचा स्वयंपाक ही कामेही त्या करीत.

राजा हरिश्चंद्र

सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा मूकपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. स्त्रिया काम करण्यास तयार नसल्याने तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली.

उत्तरायुष्य

'लंकादहन' (१९१७) व 'कालिया मर्दन' (१९१९) हे त्यांचे मूकपट गाजले. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. मात्र भागीदारांशी मतभेद होऊन ते काही काळ तिच्यापासून दूर झाले. बोलपटांच्या आगमनानंतर त्यांचे महत्त्व ओसरले. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. त्यांचे शेवटचे दिवस आर्थिक अडचणीत गेले. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला.