बिदरचा मदरसा आणि त्याचा बांधणारा : ख्वाजा महमूद गवान

वाचकहो, उदगीरहून पूर्वेकडे निघून महाराष्ट्राची हद्द ओलांडली की थोड्याच वेळात लाल मातीचे एक विस्तीर्ण पठार लागते. त्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० फूट उंचीवर, बिदर शहर वसले आहे. आज ते कर्नाटक राज्यात मोडते. १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि त्याच्याही पूर्वी, पंधराव्या शतकात, ते साऱ्या दख्खनची राजधानी होते. तेथे उर्दू, कानडी, मराठी आणि तेलुगू ह्या चारही भाषा बाजारात ऐकू येतात. शहराच्या मधोमध चौबारा नावाचा जुना बुरूज आहे. तेथून किल्ल्याकडे जाऊ लागलो की डाव्या-उजव्या दुकानांच्या गर्दीतून एकदम एक उंच मिनार दिसतो आणि पाय आपोआप थांबतात. हाच महमूद गवानचा मदरसा होय.

आमच्या शालेय इतिहासाच्या पुस्तकांतून ह्या थोर पुरुषाला जेमतेम चार ओळी मिळतात. बहामनी राज्याचा कर्तबगार वजीर, त्याने सुधारणा केल्या, त्याचा वध झाला, बस्स. मुले त्या चार ओळी पाठ करतात व परीक्षेनंतर विसरतात. शिक्षणासाठी वाहून घेतलेल्या संस्थेच्या ह्या अंकात त्या चार ओळींच्या मागचा माणूस आपल्यापुढे ठेवावा, एवढाच हेतू आहे.

महमूद गवानचा जन्म १४११ च्या सुमारास इराणातील गीलान प्रांतात, कास्पियन समुद्राजवळच्या गवान ह्या गावी झाला. घराणे वजिरांचे. पण दरबारी कारस्थानांमुळे त्याला मायदेश सोडावा लागला. त्याने तलवारीऐवजी तागडी हाती घेतली आणि देशोदेशी व्यापार केला. व्यापार करताकरताच ठिकठिकाणच्या आलिमांच्या सहवासात त्याने इल्म मिळविले. १४५३ च्या सुमारास त्याचे गलबत आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदराला लागले. त्या वेळी त्याचे वय बेचाळीसच्या घरात होते. ज्या वयात आपल्याकडचा नोकरदार पेन्शनचे हिशेब मांडू लागतो, त्या वयात हा माणूस एका परक्या मुलखात उतरत होता. बिदरला शाह मुहिब्बुल्लाह नावाच्या बुजुर्गांची भेट घ्यावी आणि पुढे दिल्लीकडे जावे, असा त्याचा बेत होता. दिल्लीला तो कधी पोहोचलाच नाही. सुलतान अलाउद्दीन अहमदशाहाने त्याची योग्यता ओळखली, त्याला एक हजारी मनसब दिली आणि तेलंगणातील बंड मोडण्यास पाठविले.

पुढचा सुलतान हुमायूनशाह. ह्याच्या क्रौर्याच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. त्याने महमूदला मलिक-उत्‌-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब दिला. १४६१ मध्ये हुमायून मरण पावला व आठ वर्षांचा निजामशाह गादीवर आला. राज्याची सूत्रे राजमाता मखदूमा-ए-जहान, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गवान ह्या तिघांनी सांभाळली. हीच संधी साधून माळव्याचा महमूद खिलजी चालून आला व त्याने बिदर शहर घेतले. तेव्हा गवानने गुजरातच्या महमूद बेगड्याची मदत मिळवून माळव्याच्या फौजेला परतवून लावले. १४६३ मध्ये तो बालराजाही गेला आणि त्याचा नऊ-दहा वर्षांचा भाऊ मुहम्मदशाह तिसरा ह्या नावाने सुलतान झाला. ह्या मुलाच्या तालमीसाठी सद्र-ए-जहान शुस्तरी ह्या विद्वानाची नेमणूक झाली. बहामनी सुलतानांत फिरोजशाहानंतर एवढा शिकलेला दुसरा झाला नाही, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. हा विद्यार्थी आपण लक्षात ठेवावा. त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

१४६६ च्या सुमारास गवान राज्याचा मुख्य वजीर झाला. पुढची पंधरा वर्षे बहामनी राज्य म्हणजे महमूद गवान, असेच समीकरण होते. १४६९ ते १४७२ ह्या काळात त्याने कोकणात मोहीम चालविली. संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, हे त्याने घेतले आणि १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा जिंकले. त्यानंतर बेळगाव पडले. तेथे तट उडविण्यासाठी दारूचे सुरुंग वापरण्यात आले. राज्य पश्चिम समुद्रापासून पूर्व समुद्रापर्यंत पसरले. ह्या विजयांचे पोवाडे गाण्याची मला हौस नाही. लढाईत गावे उजाड होतात, मग सेनापती कोणीही असो, आणि कोकणातल्या माणसांनी त्या मोहिमेत काय सोसले असेल ह्याची कल्पना येऊ शकते. त्याच काळात निकितिन नावाचा रशियन व्यापारी जुन्नरमार्गे बिदरला आला होता. अमीर-उमराव चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यांतली रयत मात्र अत्यंत हलाखीत जगते, असे त्याने लिहून ठेवले आहे. आपल्या माणसाचा गौरव करताना हे झाकून ठेवणे शिक्षकाला शोभत नाही.

पण गवानने ही दुरवस्था पाहिली नव्हती असेही नाही. त्याच्या सुधारणा ह्याच ठिकाणी महत्त्वाच्या ठरतात. राज्याचे चार मोठे तरफ होते. दौलताबाद, वऱ्हाड, गुलबर्गा व तेलंगण. प्रत्येक तरफदार म्हणजे एक लहानसा सुलतानच. आपल्या मुलखातले सगळे किल्ले त्याच्या हाती, वसूल त्याच्या हाती. गवानने चाराचे आठ केले. वऱ्हाडातून गाविलगड व माहूर, दौलताबादेतून जुन्नर वेगळे, गुलबर्ग्यातून विजापूर वेगळे आणि तेलंगणातून राजमहेंद्री व वरंगळ. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीचे किल्ले सुलतानाने नेमलेल्या किल्लेदारांकडे दिले. प्रत्येक तरफातला काही मुलूख काढून सरकारी खालसात घेतला. जमिनीची मोजणी करून सारा ठरविण्यास सुरुवात केली. ज्या सरदाराने पाचशे स्वार बाळगावयाचे, त्याने ते खरोखर बाळगले पाहिजेत. कमी भरले तर तेवढी रक्कम परत द्यावी लागे. वाचकहो, हजेरीपटावर नावे जास्त आणि वर्गात मुले कमी, हा प्रकार काही आजचा नव्हे! आणि जो हजेरी तपासतो त्याचे शत्रू वाढतात, हेही आजचे नव्हे.

त्यात आणखी एक जुने दुखणे होते. दरबारात दोन तट पडले होते. एक दखनी, म्हणजे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, आणि दुसरे आफाकी, म्हणजे इराण-तुराणातून आलेले. दोघांचाही कलमा एक, कबरस्तान एक. पण हुद्दे आणि जहागिरी वाटण्याची वेळ आली की दोघे एकमेकांच्या रक्ताचे तहानलेले. गवान स्वतः आफाकी. तरीही नवीन तरफांची वाटणी करताना त्याने दोन्ही बाजूंना माणसे नेमून तोल सांभाळण्याचा प्रयत्न केला. त्याने दोन्ही तटांना जागा दिल्या, पण दोन्ही तटांची मने मात्र त्याला सांधता आली नाहीत.

आता मदरशाकडे वळू. हिजरी ८७६, म्हणजे १४७१-७२ मध्ये ही इमारत पुरी झाली. हजरत इब्राहीम आणि हजरत इस्माईल ह्यांनी काबागृहाच्या भिंती उभारताना जी दुआ मागितली, तिच्या शब्दांची अक्षरे अबजद पद्धतीने मोजली की बरोबर ८७६ हा आकडा येतो. त्या काळच्या एका शायराने मदरशाच्या तारखेसाठी हीच दुआ निवडली. इमारत तीन मजली, २०५ फूट लांब व १८० फूट रुंद, मध्ये शंभर फुटांचे चौरस अंगण. दर्शनी बाजूला दोन मिनार होते, त्यांतला जो एक उरला आहे तो सुमारे १३१ फूट उंच आहे. भिंतींवर इराणी धर्तीच्या निळ्या, हिरव्या, पिवळ्या कौलांची नक्षी आणि तीत अक्षरे गुंफलेली.

पण मला त्या नक्षीपेक्षा आतल्या रचनेचे मोल अधिक वाटते. विद्यार्थ्यांसाठी ३६ खोल्या, उस्तादांसाठी ६ निवासस्थाने, व्याख्यानांसाठी प्रशस्त दालने, मशीद आणि ग्रंथालय. फिरिश्ताच्या सांगण्याप्रमाणे ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते. छापखाना येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. तीन हजार ग्रंथ म्हणजे तीन हजार वेळा कोणीतरी बसून हाताने लिहून काढलेले ग्रंथ. दूरवरून येणाऱ्या गरीब मुलाला राहण्याची चिंता पडू नये, आणि उस्तादाला विद्यार्थ्यांच्या शेजारीच घर मिळावे, ही दृष्टी त्या नकाशात स्पष्ट दिसते. आमच्यापैकी ज्यांनी वसतिगृहासाठी दारोदार वर्गणी मागितली आहे, त्यांना ह्या ३६ खोल्यांची किंमत वेगळी सांगावयास नको.

गवान स्वतः फारसीचा नामांकित लेखक होता. त्याच्या पत्रांचा रियाज-उल-इन्शा हा संग्रह आणि पत्रलेखनाच्या शास्त्रावरील मनाजिर-उल-इन्शा हा ग्रंथ आजही अभ्यासिला जातो. हेरातचे थोर कवी मौलाना जामी ह्यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि त्यांनी बिदरला यावे म्हणून त्याने आग्रहाचे निमंत्रणही केले होते. मौलाना आले नाहीत. पण दख्खनच्या पठारावरचे एक शहर इराण-खुरासानच्या विद्वानांच्या पत्रांत नांदू लागले.

त्याच्या खाजगी राहणीबद्दल फिरिश्ताने जे नोंदविले आहे ते वाचून मन थक्क होते. स्वदेशाहून येताना आणलेल्या चाळीस हजार लारी नाण्यांच्या भांडवलावर तो अखेरपर्यंत व्यापार करीत राहिला आणि स्वतःचा खर्च त्याच नफ्यातून भागवीत असे. जहागिरीचे उत्पन्न फौजेच्या पगाराकडे आणि दानधर्माकडे जाई. त्याने दोन खजिने वेगळे ठेवले होते. एक सरकारी कामाचा, दुसरा गोरगरिबांचा. जेवण मातीच्या भांड्यांत, निजणे चटईवर. गोव्याच्या मोहिमेनंतर सुलतान आठवडाभर त्याच्या घरी पाहुणा राहिला. एवढा मान दुसऱ्या कोणास मिळाला नव्हता. सुलतान गेल्यावर गवानने दार लावून घेतले, भरजरी वस्त्रे उतरविली आणि तो रडला. मग फकिराचा वेश करून बाहेर आला व विद्वान आणि सय्यद मंडळींना बोलावून त्याने घरातले धन वाटून टाकले. ग्रंथ आणि फौजेचे हत्ती-घोडे तेवढे ठेवले.

इकडे सुलतान मोठा झाला होता. शिकलेला होता, शूर होता, पण दारूच्या आहारी गेला होता. १४८१ मध्ये तो पूर्वेकडच्या मोहिमेवर असताना कोंडपल्ली येथे छावणी पडली होती. गवानचा मानलेला मुलगा युसूफ आदिलखान दूर कामगिरीवर होता. मलिक हसन निजाम-उल-मुल्क हा दखनी सरदार आणि त्याचे साथीदार ह्यांनी वेळ साधली. गवानची मोहोर ज्या हबशी गुलामाच्या ताब्यात असे, त्याला दारू पाजून एका कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून घेतली. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला राज्यावर चालून येण्याचे निमंत्रण देणारा मजकूर लिहिला आणि तो कागद सुलतानाच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली.

बोलावणे आले तेव्हा हितचिंतकांनी गवानला गुजरातेत निघून जाण्याचा सल्ला दिला. घोडेस्वार तयार होते. तो गेला नाही. सुलतानापुढे कागद ठेवला गेला. मोहोर माझी आहे, मजकूर माझा नाही, एवढे त्याने सांगितले. नशेत असलेल्या सुलतानाने चौकशी केली नाही, मोहोरदाराला बोलाविले नाही, कागद कोणाच्या हातचा हे पाहिले नाही. जौहर नावाच्या गुलामाला इशारा झाला. तारीख होती ५ एप्रिल १४८१. गवानचे वय सत्तर.

मग खजिनदाराला बोलावून वजिराची संपत्ती विचारण्यात आली. दोन्ही खजिने उघडले. सरकारी खजिन्यात नाममात्र रक्कम निघाली, गरिबांच्या खजिन्यात तीनशे लारी. हिशेब चोख होते. सुलतानाला आपण काय केले ते तेव्हा कळले. वर्षाच्या आत, मार्च १४८२ मध्ये, तोही गेला. मागे राहिला बारा वर्षांचा मुलगा आणि दखनी-आफाकींची खुली कत्तल. मलिक हसनचाही पुढे बिदरलाच खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद ह्याने जुन्नरच्या भागात आपले स्वतंत्र राज्य मांडले, तीच अहमदनगरची निजामशाही. युसूफने विजापूर घेतले. गाविलगडाचा सुभेदार वऱ्हाडात स्वतंत्र झाला, पुढे गोवळकोंडाही फुटले. एका कोऱ्या कागदावरच्या मोहोरेने राज्याचे पाच तुकडे केले, असे म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होईल. तुकडे पडावयाची तयारी आधीपासूनच होती. पण ती थोपवून धरणारा एकच माणूस होता.

मदरसा मात्र चालू राहिला. १६५७ मध्ये औरंगजेबाने बिदर घेतले. पुढे ह्या इमारतीच्या काही खोल्यांत फौजेची दारू ठेवण्यात आली. १६९६ मध्ये वीज पडून तिचा स्फोट झाला आणि आग्नेयेकडचा मोठा भाग व एक मिनार उद्ध्वस्त झाला. विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी तेथे गेलो होतो तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारले की, शाळेत दारूगोळा कोणी आणि का ठेवला? कोणी, ते मी सांगितले. का, ह्याचे उत्तर मला नीट देता आले नाही.

विसाव्या शतकात निजामाच्या पुराणवस्तु खात्याने, गुलाम यझदानी ह्यांच्या देखरेखीखाली, बिदरच्या इमारतींची दुरुस्ती केली आणि यझदानींनी १९४७ मध्ये बिदरवर मोठा ग्रंथही प्रसिद्ध केला. आज मदरसा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. अंगणात हिरवळ आहे, खोल्या रिकाम्या आहेत.

बिदरला गेलात तर बहामनी सुलतानांचे भव्य मकबरे पाहण्यास लोक आपणांस अष्टूरला नेतील. ते अवश्य पाहावेत. त्यांतला हुमायूनचा घुमट विजेने अर्धा चिरला गेला आहे. पण त्यानंतर गावाच्या दुसऱ्या अंगाला, गोरनळ्ळीच्या बाजूलाही जावे. तेथे महमूद गवानची कबर आहे. वर घुमट नाही. उघड्या चौथऱ्यावर साधे दगड आहेत. फातिहा पढून परत फिरलो की दूरवर शहर दिसते.